पुस्तकातली ॲना सिनेमात सापडलीच नाही
एका लेखात म्हटलंय की फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे या बोल्ड प्रेमकथेचा सिनेमा पुस्तकापेक्षा बरा, मला अजिबात नाही पटलं. पुस्तक मी पंचवटी एक्सप्रेसमध्ये वाचलं, नाशिकरोड ते दादर, कव्हरला पेपरचं पान घालून, आणि इगतपुरी कधी गेलं कळायचंही नाही. २०१५ ला सेन्सॉरने आपल्याकडे थिएटरला लागूच दिला नाही, मग नंतर कॉलेज रोडला मैत्रिणीकडे लॅपटॉपवर बघितला. अहो, सगळं पुस्तक नायिका ॲनाच्या तोंडून आहे, तिची भीती, लाज, ओढ, आणि तिचे आणि नायक ख्रिश्चन ग्रेचे ते ईमेल तर मी परत परत वाचायचे, सिनेमात तो आतला आवाजच गेला ना, मग उरलं काय, महागडं घर, हेलिकॉप्टर आणि दोन गप्प चेहरे. ॲना झालेल्या डकोटा जॉन्सनने खरंच जीव ओतलाय, पण दोघांमध्ये काही पेटतच नाही. फार वाईट वाटलं.