पाठांतर नव्हे, नोट्स: फ्लोवरच्या आक्षेपाला उत्तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रॅली गेममध्ये लागणारी तंद्री हे निव्वळ पाठांतर आहे. एकच स्टेज (रॅलीतला रस्त्याचा एक टप्पा) घोटली की हात आपोआप चालतात, त्याला फ्लो, म्हणजे खेळात पूर्ण गुंगून जाणं, म्हणायचं कशाला? आणि पुढच्या वळणांच्या नोट्स वाचून दाखवणाऱ्या को-ड्रायव्हरचं ऐकत बसलं तर लक्ष विभागतं, मग तंद्री लागणार कुठून?

पाठांतराने हात चालतात, मान्य. पण त्याच स्टेजवर पाऊस लावून बघा. घोटून ठेवलेली ब्रेक मारायची जागा आता उशिराची ठरते आणि गाडी झाडीत जाते. नोट्सवर चालवणारा जागा लक्षात ठेवत नाही. वळण किती आणि पकड किती, एवढ्यावर तो ठरवतो, म्हणून त्याचं कसब नव्या रस्त्यावरही टिकतं.

लक्ष विभागण्याचा हिशेब मांडू. ताशी 100 किमी म्हणजे सेकंदाला साधारण 28 मीटर. नोट साडेतीन सेकंद आधी आली तर हातात जेमतेम 100 मीटर. 'लेफ्ट फोर, इन्टू राइट थ्री टाइटन्स', म्हणजे चार नंबरचं डावं वळण, लगेच तीन नंबरचं उजवं, पुढे आवळत जाणारं: हात अजून लेफ्ट फोरमध्ये असतात आणि कानाने राइट थ्री धरून ठेवलेला असतो. कान हातांच्या एक वळण पुढे, ही लय बसली की तंद्री लागते. मोडते कुठे? 'थ्री' ऐकून 'म्हणजे किती बरं?' असं मनात आलं की. डर्ट रॅली 2.0 या गेममध्ये 1 तीव्र आणि 6 जवळपास सरळ, हे तोंडपाठ असून भागत नाही. थ्री ऐकताच पाय ब्रेकवर जायला हवा.

त्यासाठी एच 1 वर्गातली मिनी कूपर घ्या. पुढची चाकं ओढणारी, सावकाश गाडी. चूक झाली तरी सावरायला वेळ देते. अनोळखी लांब स्टेज निवडा, जोर थोडा राखून चालवा आणि रीस्टार्टला हात लावू नका. रीस्टार्टने पहिला किलोमीटर घोटला जातो, शेवटचे किलोमीटर कोरेच राहतात. (तंद्री लागत नाही म्हणणारे बहुतेक जण थेट ग्रुप बी या प्रचंड वेगवान वर्गातल्या गाडीत बसलेले असतात!)

तरीही गडबड होत असेल तर नोट्सची वेळ तपासा. वळण दिसल्यावर ब्रेक मारताय? नोट उशिरा येतेय, ती आधी येईल असं करा. तिसरी नोट ऐकताना पहिली विसरताय? मग ती फार लवकर येतेय. वेगवान गाडीला लवकरची वेळ लागते, त्यामुळे गाडी बदलली की हे पुन्हा बघावं लागतं. इंजिनचा आवाज को-ड्रायव्हरच्या खाली ठेवा. व्हीलवर खेळत असाल तर फोर्स फीडबॅक (व्हीलमधून हाताला जाणवणारा जोर) इतका वाढवू नका की सगळे धक्के सारखेच लागतील. टायरची पकड सुटल्याचं मग हाताला कळत नाही.

स्क्रीनवरच्या स्प्लिट टाइमने (वाटेत किती पुढे-मागे आहात ते दाखवणाऱ्या आकड्याने) लक्ष उडतं, ही तुमची तक्रार मात्र रास्त. तो बंदच करा. मागे पडल्याचा लाल आकडा दिसला की माणूस पुढच्या वळणाला हटकून उशिरा ब्रेक मारतो.