रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो

महालक्ष्मी रेसकोर्सच्या 211 एकरांपैकी 120 एकरांवर सार्वजनिक उद्यान करायचं 2024 मध्ये ठरलं. तेव्हापासून माझ्या मुंबई-पुण्याच्या मित्रांच्या वादात पुढचा नंबर गोल्फ क्लबांचा लागला आहे. एका गटाचं म्हणणं, मूठभरांच्या खेळासाठी एवढी जमीन आणि एवढं पाणी का अडवायचं? दुसऱ्याचं, शहरात हिरवं उरलंय ते तिथेच, कुंपण निघालं की टॉवर आलेच. मी एडिंबरात राहतो आणि गोल्फ खेळतो, म्हणून दोघंही मलाच साक्षीला बोलावतात.

स्कॉटलंडची लोकसंख्या जेमतेम 55 लाख आणि गोल्फ कोर्स साडेपाचशेहून जास्त. इथे जागा शोधावी लागत नाही, निवडावी लागते. नवखा माणूस पार (म्हणजे कोर्ससाठी ठरवलेले फटके) आणि लांबी बघून निवडतो, आणि त्यातून फारसं काही कळत नाही. बघावं ते स्लोप रेटिंग. ते 55 ते 155 च्या मधे असतं, 113 हे प्रमाण. आकडा चढत जाईल तसा कोर्स कसलेल्या खेळाडूपेक्षा आपल्यासारख्यांना जास्त छळतो. हँडिकॅप इंडेक्स, म्हणजे खेळाडूच्या कसबाचा आकडा (कमी तितका चांगला), 20 असेल तर 130 स्लोपवर ढोबळ हिशेबाने 23 फटक्यांची सूट मिळते. मग ऋतू. हिवाळ्यात आतल्या भागातल्या कोर्सवर चिखल होतो आणि तात्पुरत्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, खेळावं लागतं. किनाऱ्यावरच्या कोर्सखाली (त्यांना लिंक्स म्हणतात) वाळू, पाणी मुरून जातं, म्हणून डिसेंबरात समुद्राकडे जायचं आणि पावणेचारच्या आत, म्हणजे अंधार पडायच्या आधी, आटोपायचं. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळची स्वस्त ग्रीन फी (एका फेरीचे पैसे) भरूनही पूर्ण फेरी होते.

हे सगळं खरं असलं तरी कोर्स निवडायच्या माझ्या तक्त्यातला पहिला रकाना वेगळाच आहे: सभासद नसलेल्याला कधी आणि किती पैशांत खेळता येतं? या एका रकान्यावर इथले कोर्स जितके वेगळे पडतात तितके स्लोपवर पडत नाहीत.

ब्रंट्सफील्ड लिंक्स एडिंबराच्या भर वस्तीत आहे. कमी अंतराच्या होलचा कोर्स, फुकट, आरक्षणाची भानगड नाही. तिथे गर्दी फार व्हायला लागली म्हणून 1889 मध्ये नगरपालिकेने ब्रेड हिल्सची टेकडी गोल्फसाठी विकत घेतली. तिथे आजही कुणीही पैसे भरून खेळू शकतो. एडिंबराजवळच्या मसलबरोचा जुना नऊ होलचा कोर्स तर घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या आतच आहे. महालक्ष्मीवर भांडणाऱ्यांनी एकदा बघावा.

आणि सेंट अँड्र्यूज हे गाव. जगातला सर्वांत नावाजलेला तिथला ओल्ड कोर्स कुठल्याही क्लबच्या मालकीचा नाही. जमीन सार्वजनिक, कारभार 1974 च्या कायद्याने नेमलेल्या ट्रस्टकडे. पाहुण्याला हंगामात 300 पौंडांहून जास्त मोजावे लागतात, गावकऱ्याला वर्षाचा पास त्या मानाने किरकोळ रकमेत मिळतो. खेळायच्या बऱ्याचशा वेळा सोडतीने दिल्या जातात आणि नाव लागलं की म्हाडाचं घर लागल्यासारखा आनंद होतो. रविवारी मात्र सहसा गोल्फ बंद. त्या दिवशी गाव तिथे फिरायला येतं, कुत्री घेऊन, बाबागाड्या घेऊन.

म्हणून स्कॉटलंड म्हणजे समतेचं नंदनवन, असं मी सांगणार नाही. म्युरफील्डच्या क्लबात 2016 च्या मतदानात महिलांना सभासदत्व देण्याइतकी मतं पडली नाहीत. ओपन या मोठ्या गोल्फ स्पर्धेच्या यजमान कोर्सांच्या यादीतून नाव गेल्यावर 2017 मध्ये तेवढी मतं पडली. पण 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने खेळात व्यत्यय न आणता, ग्रीनवर पाय न ठेवता, गोल्फ कोर्स ओलांडून जायचा हक्क सगळ्यांना दिला आहे. अगदी क्लबच्या कोर्सवरूनही.

पाण्याच्या मुद्द्यावर मात्र मी पहिल्या गटाबरोबर आहे. इथल्या गवताला पावसाने जगवलंय, त्याचा दाखला मराठवाड्याला देण्यात अर्थ नाही. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला लावले, तोच प्रश्न फेअरवेला, म्हणजे कोर्सवरच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यांनाही, विचारायला हवा. सांडपाणी शुद्ध करून वापरा, नाहीतर उन्हाळ्यात गवत पिवळं पडू द्या. पिवळ्या गवतावर चेंडू उलट लांब पळतो, खेळ बिघडत नाही.

जमिनीच्या मुद्द्यावर दोन्ही गट चुकीच्या टोकांना बसलेत असं मला वाटतं. दिल्लीत डीडीएने (तिथल्या विकास प्राधिकरणाने) कुतुबजवळ सार्वजनिक कोर्स केला, सिडकोने खारघरला केला, तेव्हा आपल्याकडे हे जमत नाही असं नाही. जो क्लब सरकारी जमिनीवर असेल त्याचा भाडेपट्टा नूतनीकरणाला आला की तीन अटी घालाव्यात: बाहेरच्यांसाठी रोज खेळायच्या काही वेळा राखीव, जवळच्या शाळांच्या मुलांना सवलतीत खेळायची सोय, आणि आठवड्यातून एक दिवस चालणाऱ्यांना मैदान मोकळं. क्लबवाला मित्र म्हणतो, लोक ग्रीनवर क्रिकेट खेळतील. खेळतील कदाचित. मग राखणदार नेमा, त्याचा पगार पाहुण्यांच्या ग्रीन फीमधून सहज निघेल.