एक लाख वीस हजारात घर बांधून दाखवा

घरकुल मंजूर झालं की गावात अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात. माझ्या चुलतीचं घरकुल मंजूर झालं आणि तिचं राहतं घर गेलं. आज ती पत्र्याच्या शेडमध्ये राहते, शेजारी अर्धवट भिंती उभ्या आहेत, आणि कुणाला विचारावं तर उत्तर एकच: "पुढचा हप्ता वरून आलेला नाही."

मला संताप येतो तो रकमेचा. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ ला सुरू झाली, तेव्हा सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळाने आणखी २ कोटी घरांना मंजुरी दिली, २०२९ पर्यंतची. रक्कम? तीच, १ लाख २० हजार. मधल्या आठ वर्षांत सळई वाढली, खडी वाढली, गवंड्याची हजेरी वाढली, डिझेल वाढलं म्हणून ट्रॅक्टरचं भाडं वाढलं. गरिबाच्या घराचा आकडा तेवढा जागचा हलला नाही. बरं, रक्कम आधी कधी वाढलीच नव्हती असंही नाही. याआधीच्या इंदिरा आवास योजनेत ७० हजार मिळायचे, ते वाढवूनच १ लाख २० हजार केले होते. मग आता कुणाचा हात धरलाय?

हिशोब करा ना एकदा. योजनेच्या नियमाप्रमाणे घर किमान २६९ चौरस फुटांचं हवं. आमच्याकडे कुणीही ठेकेदार चौरस फुटाला बाराशेच्या खाली बोलत नाही. म्हणजे सव्वातीन लाख. आता मिळतं काय ते बघा. १ लाख २० हजार. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८ हजार. शौचालयाचे १२ हजार. राज्य सरकारने २०२५ मध्ये ५० हजार वाढवले म्हणून केवढा गाजावाजा झाला. त्यातले १५ हजार छतावर सोलर बसवला तरच. म्हणजे हातात ३५. सगळं जोडूनही दोन लाख होत नाहीत. वरचे सव्वा लाख ज्या बाईला सोयाबीन काढायला दुसऱ्याच्या रानात जावं लागतं तिने आणायचे कुठून?

आणि हेही एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने घेणं चालूच होतं. सिमेंटवर सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के जीएसटी होता. चैनीच्या वस्तूंचा दर, घरकुलाच्या सिमेंटला! आता १८ झालाय, पण ज्यांनी त्याआधी भिंती चढवल्या त्यांचे पैसे गेले ते गेलेच.

चुलतीचं काय झालं ते सांगतो. घरकुलाच्या प्रतीक्षा यादीत, म्हणजे ड यादीत, नाव होतं, वर्षानुवर्षं वाट बघितली. मंजुरी आली, अभियंता आला, जुन्या मातीच्या घरासमोर तिला उभं करून मोबाईलवर फोटो काढला, जिओ टॅगिंग झालं, म्हणजे फोटोसोबत जागेची नोंद झाली. पहिला हप्ता १५ हजार. दुसरी जागा नाही, म्हणून जुनं घर पाडूनच पाया खोदायचा होता. पाया खोदून, दगड भरून, जोत्यापर्यंत काम आणेपर्यंत ते १५ हजार संपून वर उसनवारी झाली. जोतं दिसल्याशिवाय पुढचा फोटो नाही, फोटोशिवाय हप्ता नाही. म्हणजे आधी स्वतःचे पैसे घाला आणि मग सरकारकडे मागा. अहो, स्वतःचे असते तर ती मातीच्या घरात राहिली असती का?

वाळूचं तर बोलूच नका. घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत, असा शासनाचा निर्णय आहे. तिला पास मिळाला, पण वाळू मिळाली नाही. पासावर दिलेल्या ठिकाणी उपसाच बंद. मिळाली असती तरी वाहतूक स्वतःच्या खर्चाने. शेवटी मुरुमासारखी दिसणारी क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, विकत घ्यावी लागली. मस्टरचंही, म्हणजे रोजगार हमीच्या हजेरीपटाचंही तसंच. तिने आणि तिच्या मुलाने स्वतः विटा वाहिल्या, पाणी मारलं, पण मस्टर वेळेवर निघाला नाही आणि मजुरी अजून खात्यावर नाही.

योजनेच्या कागदात ७० हजारांपर्यंत बँकेचं कर्ज मिळवून द्यायची तरतूद आहे. बँकेत गेलो तर जामीनदार आणा म्हणाले. मग राहिली बायकांच्या गटाला कर्ज देणारी फायनान्स कंपनी, जी दर आठवड्याला दारात येऊन बसते. चुलतीने तेच कर्ज काढलं. घर मिळायच्या आधी हप्ते सुरू झाले.

"२०२२ पर्यंत सर्वांना घर" हे आम्ही भिंतीभिंतीवर वाचलंय. ते साल गेलं, मुदत मार्च २०२४ झाली, आता २०२९ सांगतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात मोठ्या कार्यक्रमात राज्यातल्या २० लाख लाभार्थ्यांची मंजुरीपत्रं वाटली. चांगलं आहे, पत्रं हवीतच. पण पत्राखाली झोपता येत नाही. मंजुरीचा आकडा सांगताना कुणी हे सांगत नाही की किती घरं जोत्यावर थांबलीत, किती बिनस्लॅबची आहेत, किती बायकांनी गळ्यातलं मोडलंय.

आमदार-खासदार निधीतल्या कामांना नवीन दरसूची, म्हणजे सरकारी बांधकामाच्या दरांची यादी, लागते, कारण जुन्या दरात ठेकेदार कामच घेत नाही. मग घरकुलाला ती का लागत नाही? रक्कम त्या दरसूचीला जोडा. पहिला हप्ता जोतं होईल एवढा द्या. आणि चुलतीचा अडकलेला हप्ता पावसाच्या आत टाका, स्लॅब अजून घालायचाय.