अ‍ॅनफिल्ड, अभ्यंगस्नान आणि आवाज न करता जिंकणं

लातुरात बसून मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा झेंडा धरणाऱ्यांना हरण्याचा त्रास आता होत नाही. त्याची घडी बसलेली आहे: शेवटची शिट्टी वाजली, फोन उपडा ठेवला, कूस बदलली. २०२४-२५ चा प्रीमियर लीगचा मोसम पंधराव्या क्रमांकावर संपलेला ज्यांनी पचवला, त्यांना आणखी काय बाधणार? हाल होतात ते जिंकल्यावर. त्यातही सामना परक्या मैदानावर, संपतो रात्री अकराला, घर झोपलेलं आणि पहाटे अभ्यंगस्नान.

१९ ऑक्टोबर २०२५ चा रविवार नेमका असा आला. दुसऱ्या दिवशी नरक चतुर्दशी, आणि युनायटेड गतविजेत्या लिव्हरपूलच्या दारात, अ‍ॅनफिल्डवर. तिथे लीगमधला आधीचा विजय जानेवारी २०१६ चा, रूनीच्या एकुलत्या गोलाचा. तेव्हा दहावीच्या क्लासला जाणारी पोरं आता पुण्याहून दिवाळीला सुटी काढून येतात.

२०२५-२६ चा मोसम आमच्याकडे पंचांगानेच लक्षात राहिला. गणपती बसले त्या रात्री चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबीने पेनल्टीवर १२-११ असं हरवलं. आपल्याकडे पहाटेचे तीन वाजत आले होते आणि मोदक केव्हाच संपले होते. पितृपक्षात मँचेस्टर सिटीने तीन घातले, कावळासुद्धा शिवला नाही. नवरात्रात ब्रेंटफर्डकडे ३-१, वर आमचा कर्णधार ब्रुनोने पेनल्टी घालवली. दसरा उलटल्यावर संडरलंडवर २-० झालं, तेव्हा कुठे घटस्थापना पावल्यासारखं वाटलं.

आता तयारीचं. इंग्लंडात घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे घेतात. तोवर तिथले साडेचार म्हणजे आपले रात्रीचे नऊ, नंतर दहा. हा हिशोब चुकला की माणूस एक तास आधी फोन लावून जाहिराती बघत बसतो. राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा, पण त्याने निश्चिंत होऊ नये. केबलवाल्याचा डबा ज्या खांबावर आहे तिथली लाइट गेली तर घरचा इन्व्हर्टर कितीही भरलेला असो, उपयोग शून्य. मग मोबाइल डेटा. रोजचा दीड जीबी रात्री बाराला नवा होतो आणि सामना अकराला संपतो, म्हणून दुपारी नातेवाइकांच्या रांगोळ्यांचे व्हिडिओ उघडू नयेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप बंद ठेवावा. मोबाइलवरचं प्रक्षेपण टीव्हीच्या मागे असतं. तुमच्याकडे कॉर्नर घ्यायला खेळाडू चालत जात असतो आणि औशाच्या मित्राचे गोल झाल्याचे अकरा इमोजी येऊन पडलेले असतात.

बसायची जागा जमिनीवरच्या गादीवर. लोखंडी पलंग करकरतो. पंखा पाचवर, कारण त्याच्या घरघरीत बरंच काही लपतं. खाण्याची निवड चवीवर नव्हे, आवाजावर करायची: चकली बाद, चिवडा बाद, शेंगा फोडणं तर वेडेपणा. बेसनाचा लाडू चालतो. पण नैवेद्याआधी डबा उघडायचा, तर झाकण अंगठ्याने दाबून, हळूच वाफ सोडल्यासारखं उचलावं लागतं. इअरफोन वायरचा असेल तर वायर बनियनच्या आतून घ्यावी. गोल झाला की माणूस उडी मारतो, पिन निघते, मग कधी व्हिडिओ थांबतो आणि कधी इंग्रजी कॉमेंट्री साऱ्या वाड्याला ऐकू जाते.

हे सगळं मांडून होईपर्यंत गोल झालासुद्धा. दुसऱ्याच मिनिटाला आमच्या अमादचा पास, एम्ब्युमोचा फटका. इतक्या लवकर गोल होणं समर्थकाच्या तब्येतीला वाईट. पुढची अठ्ठ्याऐंशी मिनिटं बचाव बघायची. त्यात गोलाच्या वेळी लिव्हरपूलचा मॅक अ‍ॅलिस्टर डोक्याला लागून खाली बसलेला होता आणि खेळ थांबवायला हवा होता, ही तक्रार प्रत्येक गल्लीतला लिव्हरपूलवाला पुढच्या दिवाळीपर्यंत सांगणार आहे. तक्रारीत दम आहे. पण ती ऐकून घेण्याची आमची सध्या तयारी नाही.

लिव्हरपूलच्या गाकपोने तीनदा चेंडू खांबावर मारला. दर वेळी तोंडात उशीचं टोक. ७८व्या मिनिटाला त्यानेच बरोबरी साधली, आणि उशी खाली ठेवून आम्ही झोपायच्या तयारीला लागलो, कारण पुढचं सगळं पाठ होतं. पण ८४व्या मिनिटाला ब्रुनोचा क्रॉस, मॅग्वायरचं डोकं, २-१. इथे खरी परीक्षा. ओरड घशातच अडवली तर खोकला येतो आणि खोकल्याने आज्जी उठते.

“काय बघलालास रे एवढ्या रातच्याला?”

“काही नाही आज्जी, पोरं जिंकली.”

“कुणाची?”

याला उत्तर नाही. उद्या उटणं तूच कालव म्हणून आज्जी पुन्हा झोपते.

आता विजयाचं मोल. तेव्हाचा मॅनेजर अमोरिम याचा ३-४-२-१ अशा मांडणीचा हट्ट वर्षभर आमच्या नाकात दम आणत होता, आणि त्याचं कारण साधं होतं: मधल्या फळीत आपले दोन, समोरचे तीन. कडेचे दोघे मागे रेटले गेले की बचावात पाच होतात, पुढचे एकटे पडतात आणि मधे मोकळं रान. अ‍ॅनफिल्डवर पद्धत तीच होती, पण माणसं एकमेकांजवळ राहिली. नवा गोलरक्षक लामेन्स मागून नाजूक पास देत बसला नाही, चेंडू लांब फेकत राहिला. स्ट्रायकर शेस्कोला बाकावर ठेवून पुढे एम्ब्युमो, कुन्या आणि माउंट. देखणं नव्हतं. बरोबरी झाल्यावर संघ कोसळला नाही, एवढंच नवीन. पण गेल्या वर्षी हेच नव्हतं. अर्थात गाकपोचा एक जरी चेंडू दोन बोटं आत लागला असता, तरी आम्ही याच पद्धतीला शिव्या घालत असतो.

रात्री सव्वाअकराला ग्रुप उघडला की समाजाचं दर्शन होतं. आठवडाभरापूर्वी ‘मॅनेजर हाकला’ लिहिणारा आता ‘वेळ द्यायला पाहिजे’ असं लिहितो, आणि जुना मेसेज पुसायला गेल्यावर कळतं की ती मुदत संपलेली आहे. एकाने गणित मांडलेलं असतं: ८ सामन्यांत १३ गुण, म्हणजे ३८ सामन्यांत जवळपास ६२, गेल्या वर्षी तर ४२ होते! नववा क्रमांक तो लिहीत नाही. ‘लिव्हरपूलपेक्षा फक्त दोन गुण मागे’ असं लिहितो. तिसरा म्हणतो, अमोरिम नोव्हेंबर २०२४ मध्ये आल्यापासून लीगमध्ये लागोपाठ दोन विजय पहिल्यांदाच. हे आनंदाने सांगायचं की लाजून, यावर बारापर्यंत वाद.

इथे आमचं स्पष्ट मत. मृगाची एक सर पडली म्हणून तिफण काढणाऱ्यांपैकी दुबार पेरणी कुणाला चुकली आहे? कृषी खातं दरवर्षी घसा फोडून सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. संडरलंड झालं, अ‍ॅनफिल्ड झालं. मोजायला गेलं तर हे फार तर तीस मिलिमीटर. पण आभाळ भरून आलं की कोण मोजतं? ग्रुपवर तेवढ्यात कुणीतरी चॅम्पियन्स लीगच्या वेळा टाकलेल्या असतात, ज्यात युनायटेड त्या मोसमात खेळतच नव्हता.

पुढचा सामना शनिवारी २५ ऑक्टोबरला, ब्रायटनशी, घरच्या मैदानावर, आपल्या रात्री दहाला. भाऊबीज गुरुवारी, म्हणजे पाहुणे गेलेले असतील आणि पुढची खोली मिळेल. लाडू संपलेले असतील, शंकरपाळे उरतील. ते कुरकुरतात, म्हणून दुपारीच दुधात भिजवून ठेवायचे.