पाठमोरा

मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलेला फोटो अजून तिथेच आहे, म्हणून हे लिहायला घेतलं. फोटोत पवनचक्की नाही. तिच्या आतला शिडीसारखा उभा जिना आहे आणि त्यावर मधोमध अडकलेला मी, पाठमोरा. 'पाठमोरा' हा माझा शब्द. ग्रुपवर वापरलेले शब्द वेगळे आहेत. ज्या आत्याशी आमचं दोन वर्षं बोलणं नाही, तिनेही अंगठा दिलाय.

नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला घर केल्यापासून पुण्याहून येणारा प्रत्येक पाहुणा 'पवनचक्की दाखव' म्हणतो. किंडरडाइकच्या 19 चक्क्यांना आता मी तोंडपाठ झालो असेन. पण त्या 1740 च्या आसपास बांधल्या त्या पाणी उपसायला, हे कळल्यावर मावशीचा चेहरा पडला. "पीठ दळत नाही? मग चक्की कसली!"

म्हणून मे महिन्यातल्या चक्की-दिनाला एका गावातली, पीठ दळणारी चक्की शोधली. निळा झेंडा फडकत होता, म्हणजे आत या. दारात रांग होती. 'आधी येईल तो आधी दळेल' ही म्हण डच लोकांत आहे. ती करणाऱ्याने आमच्या मावशीला गिरणीत डबा पुढे सरकवताना पाहिलेलं नसावं. दोन मिनिटांत आम्ही आत होतो, आणि मागच्यांच्या नजरा माझ्या मानेवर. मावशीला काय, तिला परत पुण्याला जायचं होतं.

चक्कीवाला सत्तरीतला, पायांत लाकडी बूट, हौसेने फुकट काम करणारा. चक्की चालवण्याची कला 2017 साली युनेस्कोच्या यादीत गेली, हे त्याने नमस्काराआधी सांगितलं. मावशी म्हणाली, "त्याला विचार, पोळ्यांसाठी बारीक मिळेल का?" मी विचारलं. त्याने पीठ चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "वारा म्हणेल तसं."

वर अडीच किलो पीठ घेतलं. उतरताना मी आपला सरळ, घरच्या जिन्यासारखा निघालो. तीन पायऱ्यांवर खालून चक्कीवाल्याची हाक आली, "उलटं! जिन्याकडे तोंड करून!" मी तिथल्या तिथे वळायला गेलो. एका हातात पीठ, दुसऱ्यात दोर, आणि एक पाय कुठे गेला ते मला दिसत नव्हतं.

हा माणूस मदतीला येईल असं तुम्हाला वाटेल. तो माझ्या पायांना माहिती देऊ लागला. लाकडी दात्यांना मेण चोळतात. वर पात्यांच्या आसाला डुकराची चरबी लावतात. ("काय म्हणतोय?" "तेलपाणी करतात म्हणतोय." मावशीची चतुर्थी होती.) वरचं पातं माथ्यावर पोचायच्या जरा आधी थांबवलं तर ती गावातल्या आनंदाची खूण, माथा ओलांडून थांबवलं तर दुखवट्याची. मी मधल्या मधे थांबलो होतो, त्याला काय म्हणतात ते त्याने सांगितलं नाही.

वरून मीही अभिमान सोडला नाही. आमच्याकडे संभाजीनगरला जुनी पाणचक्की आहे, म्हटलं. "दळते?" त्याने विचारलं. शाळेच्या सहलीत मी तिथल्या हौदातले मासे पाहिले होते. चक्कीकडे लक्षच गेलं नव्हतं. "पाय डावीकडे," तो म्हणाला. या प्रश्नावर मी अजून चिडलेला आहे. स्वतःच्या गावातल्या वस्तूंकडे आपण पाहतच नाही, आणि परदेशात आलेल्या माणसाला दर उन्हाळ्यात तिकिटं काढून दुसऱ्यांच्या वस्तू दाखवाव्या लागतात. पार्किंगचे पैसे तर कोणी विचारतसुद्धा नाही.

शेवटी एक शाळकरी मुलगी वरून आली, वाकून माझ्या हातातलं पीठ काढून घेतलं, आणि मी उतरलो. मागोमाग पीठही आलं. छतातल्या झडपेतून, साखळीला लटकून, डुलत डुलत. पोती वरखाली करायला बहुतेक दळणाच्या चक्क्यांत अशी सोय असते, असं चक्कीवाल्याने सांगितलं.

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही."

मावशी मोबाइल पर्समध्ये ठेवत म्हणाली, "अगदी आपल्या पेठेतला वाटतो बघ!"