शेक चालू असताना व्हिटॅमिन ई? पुढे पाठवण्याआधी हे वाचा

निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजचा गोषवारा असा: कॅन्सरची केमो किंवा शेक (रेडिएशन, किरणोपचार) चालू असताना रोज व्हिटॅमिन ई 400, सोबत कार्निटिन घ्या, तोंड येत नाही, हातापायांच्या मुंग्या थांबतात, औषधाला बाधा नाही, आणि नैसर्गिक असल्याने डॉक्टरांना विचारायला नको.

‘तोंड येत नाही’ हे धादांत खोटं असतं तर बरं झालं असतं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरच्या 540 रुग्णांवर चाचणी झाली: रोज 400 युनिट व्हिटॅमिन ई, आणि सुरुवातीचा काही काळ 30 मिलिग्रॅम बीटा कॅरोटिनही. 2005 मध्ये निष्कर्ष आले. दोन्ही गोळ्या घेणाऱ्यांना शेकाचा तीव्र त्रास खरंच कमी झाला. पण गोळीवाल्यांत गाठ त्याच जागी परतण्याचा कल जास्त दिसला आणि पुढच्या वर्षांत मृत्यूही जास्त झाले. नंतरच्या विश्लेषणात हा तोटा शेक चालू असतानाही सिगारेट ओढणाऱ्यांत एकवटलेला आढळला. तंबाखूच्या पट्ट्यात हे विसरून कसं चालेल? किरण पेशीतल्या पाण्यापासून फ्री रॅडिकल म्हणजे अतिक्रियाशील कण तयार करतात आणि तेच गाठीचा डीएनए तोडतात. ते रॅडिकल पुसणाऱ्या गोळीला गाल कुठला आणि गाठ कुठली, हे कळत नाही.

मुंग्यांचं तर उलटंच. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅक्सेन गटातली केमो घेणाऱ्या 409 स्त्रियांच्या चाचणीत निम्म्या गटाला रोज 3 ग्रॅम ॲसिटिल-एल-कार्निटिन (कार्निटिनचाच एक प्रकार) दिलं. 24 आठवड्यांनी त्याच गटाच्या मुंग्या जास्त निघाल्या.

‘औषधाला बाधा नाही’ म्हणणाऱ्याने व्हिटॅमिनच्या डबीची मागची बाजू वाचलेली नसते. तिथे बारीक अक्षरांत फॉलिक ॲसिड सापडतं. कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी चालू असेल तर त्याने जुलाब आणि तळहात-तळपाय सोलणं वाढू शकतं.

नैसर्गिक म्हणाल तर गुळवेलीच्या काढ्याने काविळीपर्यंत गेलेले रुग्ण आपल्या देशातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. यकृत बिघडलं की केमोची तारीख पुढे जाते. ताटातला पेरू, पालेभाजी मात्र बंद करू नका. धोका गोळीतल्या डोसचा आहे.

तोंडासाठी करायचं ते स्वस्त आहे. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. दर 4 ते 6 तासांनी खळखळून थुंकायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी ओतून द्यायचं. ब्रश मऊ, माउथवॉश अल्कोहोलविना, खर्डा बंद, नाचणीची पेज कोमट. फाइव्ह-एफयू हे केमोचं औषध थेट शिरेत झटकन देत असतील तर 5 मिनिटं आधीपासून अर्धा तास बर्फ चघळल्याने तोंड कमी येतं. सोबत ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचंच दुसरं औषध असेल तर बर्फ नको, गारव्याने घशात आवळल्यासारखं होतं.

उपचार बेळगावात असोत की मिरजेत, घरातल्या सगळ्या डब्या, पुड्या, काढे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. केमोनंतर ताप 100.4 फॅरनहाइट झाला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.