हो, कोरोनाच्या लसीची अट मीच घातली होती: एका ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर

भाऊ,

आमच्या खानावळीबद्दलचा तुमचा अभिप्राय मी आठवडाभर रोज वाचते आहे. एक तारा, आणि खाली लिहिलंय: "जेवण चांगलं, माणुसकी शून्य. बारा वर्षं भट्टीवर राबलेल्या माणसाला लस घेतली नाही म्हणून घरी बसवलं, पगार बुडवला. लस ऐच्छिक आहे हे सुप्रीम कोर्टानंही सांगितलं." त्यात तुम्ही त्या माणसाचं नाव आणि गावही दिलंय. मी त्यांना इथं काकाच म्हणेन, खानावळीत सगळे तेच म्हणतात. हे उत्तर टाकण्याआधी काकांना पूर्ण वाचून दाखवलं आहे. दोन ठिकाणी त्यांनी हात वर केला, ती वाक्यं मी काढली.

तुम्ही लिहिलेलं बरंचसं खरं आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून काकांना मी भट्टीवर उभं राहू दिलं नाही. २२ दिवसांचा पगारही दिला नाही. सरकारचा नियम होता, असं म्हणून मी मोकळी होऊ शकते, कारण नियम होताच. त्या तारखेपासून खानावळीत ग्राहकांना बसवून जेवू घालायची परवानगी मिळाली ती याच अटीवर, की काम करणाऱ्या प्रत्येकाचे दोन्ही डोस झालेले हवेत आणि दुसऱ्या डोसला १४ दिवस उलटलेले हवेत. पुढे नोव्हेंबरच्या आदेशात आस्थापनेनं नियम मोडला तर ५०,००० रुपये दंड होता. पण नियम आला नसता तरी भट्टीजवळच्या माणसांसाठी मी हीच अट घातली असती. जुलैमध्येच मी ती तोंडी सांगितली होती. म्हणून सरकारच्या आड लपत नाही.

कारण सांगते. आमचा दुसरा आचारी एप्रिल २०२१ मध्ये कोरोनानं गेला. वय ४१. तेव्हा लस ४५ च्या वरच्यांनाच मिळत होती, त्याला मागूनही मिळाली नसती. मागच्या पत्र्याच्या खोलीत तो आणि आणखी पाच जण राहायचे. पार्सलचं काम सुरू होतं, भट्टीपाशी चार माणसं खांद्याला खांदा लावून उभी असायची, आणि एप्रिलमधला आपल्याकडचा उकाडा तुम्हाला माहीत आहे. मास्क पाच मिनिटांत घामानं भिजून नाकाला चिकटायचा. त्याला ताप आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी तो उन्हाचा धरला. चौथ्या दिवशी धाप लागली. भुसावळ, जळगाव, मग धुळे, ऑक्सिजनची खाट शोधत रात्रभर फोन केले. खाट मिळाली, माणूस राहिला नाही. २२ एप्रिल. नऊ दिवसांनी, १ मेला, त्याच्या वयाच्या लोकांना लस खुली झाली. ती मिळाली असती तर तो वाचला असता असं मी म्हणत नाही, लसीला अंगात काम करायलाच दोन-तीन आठवडे लागतात. पण ते नऊ दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

त्याची बायको आज आमच्याकडे कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापते. जूनमध्ये कामावर आली तेव्हा तिनं पगार किती, वेळ काय, यातलं काही विचारलं नाही. म्हणाली, "ताई, माझ्या शेजारी कोण उभं राहणार?" दोन लेकरं घरी ठेवून आलेल्या बाईला मी काय सांगायचं होतं? ज्याला जसं वाटेल तसा तो उभा राहील, असं? तुम्ही काकांच्या बाजूनं लिहिलंत, आणि कुणीतरी लिहायलाच हवं होतं. पण भट्टीला दोन बाजू असतात. दुसऱ्या बाजूला ती होती.

तेव्हा आमचा हिशोब असा होता. कोविशिल्डच्या दोन डोसांत १२ ते १६ आठवड्यांचं अंतर मे महिन्यात ठरलं. ८४ दिवस आणि वर १४ दिवस. म्हणजे १५ ऑगस्टला कामावर उभं राहायचं तर पहिला डोस मेच्या पहिल्या आठवड्यात झालेला हवा. तरुण पोरांना तो मिळणार कुठून? मोबाइलवर स्लॉट दिसायचा आणि बोट लावेपर्यंत संपायचा, आणि मेच्या मध्यात तर लस पुरत नाही म्हणून राज्यानं १८ ते ४४ वयाचं लसीकरणच थांबवलं. पोरांना मोटरसायकलवर बसवून आम्ही यावल तालुक्यातल्या खेड्यांच्या केंद्रांवर पाठवत होतो, पहाटे चारला रांगेत. तरी २२ जणांपैकी त्या दिवशी ९ जणच नियमात बसले. उरलेल्यांना पाळीपाळीनं पार्सलचं काम दिलं, ज्याचा डोस व्हायचा त्याला दोन दिवस पगारी रजा, कारण ताप यायचा, अंग मोडून यायचं. रक्ताच्या गुठळीचा एक फार विरळा धोकाही आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मी ते सगळ्यांना सांगितलं. लपवून कुणाला सुईसाठी हात पुढे करायला लावला नाही.

काकांचं वय ५८. त्यांना तर १ एप्रिलपासूनच लस मिळत होती. ते एवढंच म्हणायचे, "मी घेणार नही." का, ते सांगायचे नाहीत. आणि इथं माझी चूक झाली, ती तुम्ही लिहिलेल्या चुकीपेक्षा मोठी आहे. मी त्यांना एकदाही बाजूला बसवून विचारलं नाही. गल्ल्याशेजारी कागद चिकटवला: लस नाही तर काम नाही. बारा वर्षं ज्या माणसाच्या हातच्या शेवभाजीवर माझं घर चाललं, त्याच्याशी मी चिकटपट्टीनं बोलले. काकांनी कागद वाचला, पंचा खांद्यावर टाकला आणि गेले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या गावी गेले, अमळनेरकडे. ओट्यावर नातू बैलाच्या शिंगांना रंग लावत होता. चहा झाला, आणि मग काका बोलले. १९७६ मध्ये ते तेरा वर्षांचे होते. त्यांच्या वडिलांना बाजाराच्या दिवशी जीपमध्ये घालून नेलं आणि नसबंदी करून संध्याकाळी रस्त्यावर सोडलं. वडिलांना सही येत नव्हती, अंगठा घेतला होता. जखम चिघळली, महिनाभर शेतात जाता आलं नाही. त्यानंतर गावात सरकारी गाडीचा आवाज आला की वडील ज्वारीत लपायचे. काका मला दंड दाखवून म्हणाले, हे बघा देवीचे व्रण, नातवाला पोलिओचे थेंब मीच पाजून आणले. मग म्हणाले, "माले सुईनं भ्याव नही, सक्तीनं भ्याव शे." सुईची भीती नाही, सक्तीची आहे.

मी घरी येऊन त्या काळाबद्दल वाचलं. १९७६ मध्ये आपल्या राज्याच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. कायदा न होताही गाड्या फिरल्याच. ज्या घरानं हे पाहिलंय, त्या घरातल्या माणसाला माझा कागद काय वाटला असेल, हे मला तोवर सुचलं नव्हतं. अडाणीपणा, व्हॉट्सॲपवरची अफवा, असं मी मनात ठरवून बसले होते.

अट मी तरीही मागे घेतली नाही. भट्टीशेजारी ती बाई होती, आणि तिला मी शब्द दिला होता. पण काम बदलता येत होतं, आणि ते मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. ६ सप्टेंबरपासून काका पूर्ण पगारावर परत आले. पहाटे भाजी बाजार, दुपारी अंगणातलं सरपण. थंडी सुरू झाल्यावर बामणोदची वांगी आली आणि ती भाजायचं काम त्यांच्याकडे गेलं. आपल्याकडे भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर उघड्यावरच भाजतात. वर आभाळ, शेजारी कुणी नाही, ग्राहकांशी संबंध नाही. त्या हिवाळ्यात तुम्ही आमच्याकडे भरीत खाल्लं असेल तर ते काकांनी भाजलेलं होतं. बुडालेले २२ दिवस मी दिवाळीच्या आधी भरून दिले. लगेच का नाही दिले? हातात पैसा नव्हता, हे खरं आहे. पण त्यांचा किराणावाला हे कारण ऐकून उधारीसाठी थांबला नसता.

आता कोर्टाबद्दल. २ मे २०२२ चा तो निकाल मी मराठीत मिळाला तेवढा वाचला. लस घेण्याची कुणावर बळजबरी करता येत नाही, शरीर ज्याचं त्याचं, हे कोर्टानं स्पष्ट सांगितलं. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकतं, पण ते परिस्थितीला साजेसे असले पाहिजेत, हेही सांगितलं. आणि लस न घेतलेल्याकडून लस घेतलेल्यापेक्षा जास्त संसर्ग होतो असं दाखवणारी माहिती समोर आली नाही, म्हणून तेव्हाचे निर्बंध योग्य ठरत नाहीत, असं म्हटलं. हे शेवटचं मला लगेच पटलं, कारण जानेवारीत ओमायक्रॉन आला तेव्हा आमच्याकडच्या दोन्ही डोस झालेल्या चौघांना लागण झाली. एकालाही दवाखान्यात ठेवावं लागलं नाही, ते मी लसीचंच श्रेय मानते. पण लस घेतलेला शेजारी म्हणजे सुरक्षित शेजारी, हा माझा ऑगस्टमधला समज तेव्हा टिकला नाही. त्या बाईलाही मी तसं सांगितलं. एप्रिल २०२२ मध्ये राज्यातले निर्बंध उठले, त्याच आठवड्यात मी गल्ल्याजवळचा कागद काढला. निकाल महिनाभरानं आला. काका भट्टीवर आहेत, तिच्या डाव्या हाताला. त्यांनी लस नंतर घेतली की नाही, हे मी इथं लिहिणार नाही. ते त्यांचं आहे.

तुम्ही विचाराल, ऑगस्ट पुन्हा आला तर? भट्टीजवळ अट घालेन. तेव्हा जेवढं माहीत होतं, त्यावर ती बरोबर होती. कागद लावणार नाही, आणि एक दिवसही पगार थांबवणार नाही.

एक विनंती आहे. तारा एकच राहू द्या, २२ दिवसांसाठी तो मला मान्य आहे. फक्त अभिप्रायातलं काकांचं नाव आणि गाव काढा. त्यांची नात बारावीला आहे. तिनं मोबाइलवर ते वाचलं आणि आजोबांना विचारलं, तुम्हाला कामावरून काढलं होतं का? त्या दिवशी काका जेवले नाहीत.